प्रयुक्त क्रमांक वीस

त्यांच्या गळ्यात मंगळसूत्राखेरीज आणखी दोन गोष्टी असत. कॉलेजचे ओळखपत्र आणि निळ्या फितीला अडकवलेले स्टॉपवॉच. ओळखपत्रावर त्यांचा फोटो होता आणि खाली 'तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र' असे छापलेले होते. वय वर्षे बावन्न. भाजी घेताना, रिक्षात बसताना, नात्यातल्या लग्नात जेवायला बसतानासुद्धा त्या ते ओळखपत्र उतरवीत नसत. एखादा हसलाच, तर ते त्याच्या डोळ्यांपुढे धरून म्हणत, "नीट बघा, फोटो माझाच आहे." आणि दुसऱ्या हाताने स्टॉपवॉच सुरू करीत. त्याचे हसू किती सेकंद टिकते, हे त्यांना पाहायचे असे. सहसा फार टिकत नसे.

मी उल्हासनगरच्या तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहितो. सव्वीस वर्षे लिहीत आहे. भिंत आणि झेरॉक्सचे दुकान यांच्यामध्ये निळी ताडपत्री, तिच्याखाली माझे टेबल. टेबलाच्या या बाजूची खुर्ची माझी, पलीकडचे स्टूल अर्जदाराचे. परवानाधारक अर्जनवीस आतल्या व्हरांड्यात पंख्याखाली बसतात. मी बाहेर बसतो. मला मोकळी हवा मानवते, असे मी सर्वांना सांगत आलो आहे. माझ्या हातचा अर्ज सहसा परत येत नाही. ही बढाई नव्हे. आतले कारकूनही खासगीत हे मान्य करतात.

बाई प्रथम माझ्याकडे आल्या त्या बारावीनंतरच्या बत्तीस वर्षांचे प्रतिज्ञापत्र करून घ्यायला. शिक्षणात खंड पडलेला असला की कॉलेज असे प्रतिज्ञापत्र मागते. मधल्या काळात दुसरीकडे कोठे प्रवेश घेतला नव्हता आणि खंड अमुक कारणाने पडला, एवढेच त्यात लिहायचे असते. हे कारण माझ्या लेखणीला पाठ आहे. त्यांनी नाव, पत्ता, बारावीचे वर्ष सांगितले, आणि मी 'घरगुती अडचणींमुळे' असे लिहून कागद त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी तो दोनदा वाचला.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळ्यांचं हेच असतं, बाई."

"बारावीनंतर माझी आई गप्प झाली. दारात बसायची, दिवसदिवस बोलायची नाही. लोक म्हणाले बाहेरचं आहे. तीन भगत केले. अकरा वर्षं मी तिला जेवायला घातलं." हे त्यांनी अगदी सावकाश, भाजीचा भाव सांगावा तसे सांगितले. "ती अडचण नव्हती हो. ती माझी आई होती."

मी त्यांना समजावले की कॉलेजच्या खिडकीवरचा माणूस आईचे वाचणार नाही. त्यांनी स्टुलावरून न उठता कागद माझ्याकडे परत सरकवला. मी दुसरा कागद घेतला, आणि मला आठवते की जरा आवाज करूनच घेतला. त्यावर 'आईच्या दीर्घ आजारपणात तिची शुश्रूषा केल्यामुळे' असे लिहिले. तेव्हा कुठे सही झाली.

त्या खरवईच्या. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दुसऱ्या पाळीला पोळ्या करीत. सकाळी कॉलेज, मग पाळीची वेळ होईपर्यंत मोकळीक. ही मोकळीक त्यांनी आमच्या ताडपत्रीखाली घालवायला सुरुवात केली, कारण मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात प्रयोग असतात आणि प्रयोगाला माणूस लागतो. ज्याच्यावर प्रयोग करायचा, त्या माणसाला त्यांच्या पुस्तकात 'प्रयुक्त' म्हणतात. वर्गातल्या एकोणीस वर्षांच्या मुली आपापल्या मैत्रिणींना प्रयुक्त करीत. बाईंना मैत्रिणी नव्हत्या, आणि यजमानांनी आधीच बजावले होते. तो संवाद त्या स्वतःच आम्हाला करून दाखवीत: "काय शिकायचं ते शीक, पण माझ्यावर प्रयोग करू नको. मी आहे तसा बरा आहे."

म्हणून मग आम्ही.

चहावाल्याला त्यांनी निरर्थक शब्दांची यादी पाठ करायला दिली. गेब, झाम, रुफ, तोक असे काहीतरी शब्द होते. किती वेळात किती विसरतो, हे पाहायचे होते. तो काही विसरेना. पुढे महिनाभर तो "गेब एक, झाम दोन, तोक बिनसाखर!" असे ओरडत कप वाटीत होता. झेरॉक्सच्या दुकानाचे मालक सिंधी, त्यांना आम्ही सगळे साईं म्हणतो, आणि तेही मला साईंच म्हणतात. त्यांनी ती यादी नाकासमोर धरून विचारले, "बाई, ये भाषा कौनसी है? ना सिंधी, ना मराठी. तहसीलदार की तो नहीं?"

माझ्या वाट्याला आरसा आला. कागदावर दुहेरी रेघांचा एक तारा असतो. दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा असल्याने हात दिसत नाही. दिसतो तो समोरच्या आरशात. ज्या हस्ताक्षराला या परिसरात मान आहे, त्या हाताने तारा काढायला बसलो आणि पेन्सिल डावीकडे न्यावी तर उजवीकडे जाऊ लागली. साईं दुकान सोडून बघायला आले. "साईं, ये आपका ही हाथ है ना? किसी और का तो नहीं लगाया?" मी पेन्सिल खाली ठेवली आणि आरसा तिरका बसवला असल्याचे निदर्शनास आणून दिले. बाईंनी आपल्या प्रयोगवहीत काहीतरी लिहिले. मी उलटे वाचू शकतो; या धंद्यात ते यावेच लागते. त्यांनी लिहिले होते, 'प्रयुक्ताने आरशाला दोष दिला.'

मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनी तेही नोंदवले असावे.

त्यांच्यासमोर 'वेडा' हा शब्द काढलेला चालत नसे. कचेरीसमोर एक माणूस रोज सकाळी भिंतीशी भांडत असे, चहावाला त्याला वेडा म्हणाला, तर बाई म्हणाल्या, "तुला त्याचं भांडण कशावरून आहे ते माहीत आहे का? मग नाव कसं ठेवलंस?" कोणी "आठवत नाही" म्हटले, तर त्या "अजून आलं नाही म्हणा" अशी दुरुस्ती करीत. कॉलेजात मुली त्यांना काकू म्हणत. त्यांचे सर वयाने त्यांच्या मुलाएवढे. तेही एकदा चुकून काकू म्हणाले. बाई पहिल्या बाकावरून उभ्या राहिल्या. "सर, रोल नंबर चौदा म्हणा."

तिसऱ्या वर्षी त्यांना प्रकल्प करायचा होता. त्याशिवाय पदवी मिळणार नव्हती, आणि पदवीखेरीज त्यांना आयुष्यात दुसरे काही नको होते. मी एकदा विचारले होते, ही पदवी घेऊन या वयात करणार काय? त्या म्हणाल्या, "आईला जे झालं होतं, त्याला काय म्हणतात ते मला शिकून कळायला हवं. कुणी सांगितलं म्हणून नको."

प्रकल्पासाठी त्यांनी माझे टेबल निवडले. अर्जदार बोलायचा थांबल्यापासून अर्ज लिहिणारा किती सेकंदांनी लिहायला लागतो, आणि तो थोडा जास्त थांबला तर अर्जदार आणखी काही बोलतो का, हे त्यांना मोजायचे होते. वीस अर्जदार हवेत, आणि प्रत्येकाने संमतीपत्रावर सही केलेली हवी, असे सरांनी घातलेले बंधन होते. मी संमती दिली. माझे काम कोणी अभ्यासावे, हे मला अयोग्य वाटले नाही.

पहिल्या दिवसाच्या अखेरीस त्यांनी मला आकडा सांगितला.

"चार सेकंद."

"म्हणजे उत्तम ना?"

"माणूस श्वास घ्यायला थांबतो, आणि तुम्ही 'महोदय' लिहून मोकळे."

दुसऱ्या आठवड्यापासून नियम असा झाला की त्या टेबलावर बोटाने टकटक करीपर्यंत मी लेखणी उचलायची नाही. हा काळ मला फार कठीण गेला. उत्पन्नाच्या दाखल्याला आलेली बाई एक वाक्य बोलून गप्प झाली, की काय लिहायचे ते मला ठाऊक असे. हात शिवशिवत असे. मी चुळबुळ केली की बाई माझ्याकडे न बघता हलक्या आवाजात म्हणत, "थांबा. अजून झालं नाही त्यांचं." आणि खरोखरच पुष्कळदा झालेले नसे.

चिखलोलीच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची गोष्ट इथे नमूद करणे भाग आहे. शिधापत्रिकेवरून मयत पत्नीचे नाव कमी करण्यासाठी मी त्यांना वर्षभरात चार अर्ज लिहून दिले होते. दर वेळी ते अर्जाची चौकोनी घडी करीत, सदऱ्याच्या खिशात ठेवीत, आणि कचेरीत न जाता उलट्या दिशेने चालू लागत. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा येत. मी त्यांना विसराळू समजत होतो. पाचव्यांदा आले तेव्हा बाई बसलेल्या होत्या.

"पोरं वेगली झाली," ते म्हणाले. "वेगलं कारड पायजे त्यांना. हिचा नाव कमी करायचा हाय."

ते थांबले. माझ्या डोळ्यांपुढे 'पत्नी मयत झाल्याने' ही ओळ लिहून तयार होती. बाईंचे बोट हलले नाही. चहावाला येऊन कप ठेवून गेला. कचेरीच्या दारात दोन माणसे ढकलाढकली करून शांत झाली. म्हातारबाबा टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवीत होते.

"मना तिचा नाव कमी करायचाच नाय," ते म्हणाले.

बाईंनी स्टॉपवॉच पदराखाली बंद केले. "का हो बाबा?"

"माझ्या खाली तिचाच नाव हाय. शाईनी लिवलेला. नवीन कारडात मशीनचा येतो. त्या पानाव दोगं हाव आमी."

चार अर्ज मी लिहिले होते. चारही निर्दोष होते.

जुनी शिधापत्रिका जमा करावीच लागते, हे मी त्यांना सांगितले. ते त्यांनाही माहीत होते. मग बाईंनी विचारले, ते पान तेवढे राहिले तर? साईंनी त्या पानाची रंगीत प्रत काढली, दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चढवले, आणि ती म्हातारबाबांच्या हातात देताना "संभाल के, बाबा, अभी गरम है" एवढेच म्हणाले. म्हातारबाबांनी आधी ती प्रत खिशात ठेवली, मग माझ्याकडून पाचवा अर्ज घेतला, आणि या वेळी ते सरळ कचेरीत गेले.

ते परत आल्यावर बाईंनी संमतीपत्र पुढे केले. ते दोन पावले मागे सरकले.

"सही नाय. सांगायचा तं सांगा कोनालाबी, नाव नका घेऊ. पन कागदाव सही नाय. सहीनीच गेली जमीन."

बाईंनी कागद लगेच घडी करून पिशवीत टाकला. "बरं बाबा."

याचा परिणाम असा झाला की प्रकल्पात अर्जदार राहिले एकोणीस. त्या बाबांची नोंद बाईंनी वहीतून काढून टाकली, आणि बावन्न सेकंदांची ती शांतता, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप होता, तीच प्रकल्पात राहिली नाही. सरांनी स्पष्ट सांगितले होते की विसाला एक कमी असला तरी प्रकल्प घेता येणार नाही, आणि तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वही जमा व्हायला हवी होती.

मधला तो शेवटचा दिवस नेमका असा उगवला की सकाळपासून कचेरीतला सर्व्हर बंद. दारावर कागद चिकटवला गेला आणि आवार रिकामे झाले. बाईंनी कॅन्टीनमधून सुट्टी घेतली होती. त्या स्टुलाशेजारच्या बाकावर बसून एकेक शेंगदाणा खात होत्या. दुपारचे चार वाजले तरी अर्जदार म्हणून एक चिमणीसुद्धा फिरकली नाही. साईं आणि चहावाला यांचे अर्ज तर पहिल्याच आठवड्यात लिहून झाले होते.

मला त्यांच्याकडे बघवेना. मी म्हणालो, "बाई, बाबांचं संमतीपत्र द्या इकडे. मी सही करतो. वळण मला येतं. कुणाला कळणार नाही."

त्यांनी स्टॉपवॉच सुरू केले आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवले. काटा फिरू लागला. कोणी रागावले असते तर मी वाद घातला असता. तो काटा अर्धा फेरा फिरेपर्यंत मला तोंड वर करता आले नाही.

"चुकलं," मी म्हणालो.

"एकतीस सेकंद," त्या म्हणाल्या. मग थोडे हसल्या. "तुम्ही बसा ना स्टुलावर."

"मी? मी लेखनिक आहे. अर्जदार नव्हे."

"आज लेखनिक मी. वहीत तसं लिहीन, जागा बदलली म्हणून. अर्ज खराच हवा, सही खरीच हवी. काय अर्ज असेल तो सांगा."

साईं दुकानातून ओरडले, "बैठ जाओ साईं! छब्बीस साल सबको बिठाया, आज खुद बैठो!"

मी उठलो आणि टेबलाला वळसा घालून स्टुलावर बसलो. तिथून टेबल फार उंच दिसते, हे मला माहीत नव्हते. समोरचा माणूस लिहायला टेकलेला असला की त्याचा चेहरा दिसत नाही, फक्त टाळू दिसते. बाई मात्र टेकल्या नव्हत्या. लेखणी त्यांनी आडवी ठेवली होती.

"मला तसा काही अर्ज करायचा नाही," मी म्हणालो.

त्या थांबल्या.

"करायचाच झाला तर परवान्याचा. आत बसायचा."

त्या थांबूनच राहिल्या. बोलणे संपले होते. याहून अधिक सांगण्यासारखे काही नव्हते, आणि हे त्यांना समजायला हवे होते. मी ताडपत्रीकडे पाहिले. मी कचेरीच्या दारावरचा कागद वाचला. मग माझे मलाच ऐकू आले की मी बोलतो आहे.

"परवान्याला दहावी लागते. मी नववी नापास आहे. नापास झालो तर झालो, पुन्हा बसता आलं असतं. पण धाकटा भाऊ त्याच वर्गात आला. मास्तरांनी एकाच बाकावर बसवलं दोघांना. मी तीन दिवस बसलो. चौथ्या दिवशी दप्तर घेऊन निघालो तो शाळेत गेलोच नाही. घरी कुणी काढलं नव्हतं मला. पैसेही होते. लाज वाटली, दुसरं काही नाही."

सव्वीस वर्षांत हे मी कोणाला सांगितले नव्हते. साईंच्या दुकानातले यंत्र बंद होते, त्यामुळे त्यांनाही ऐकू गेले असावे. पण ते बिलबुकात डोके घालून बसले, आणि आजतागायत त्यांनी त्यावरून मला एक शब्द ऐकवलेला नाही.

समोर ज्या बाई बसल्या होत्या, त्या तीन वर्षे एकोणीस वर्षांच्या मुलींच्या शेजारी, पहिल्या बाकावर, गळ्यात ओळखपत्र घालून बसत होत्या. त्यांनी त्याचा उल्लेखही केला नाही. त्यांनी लेखणी उचलली, 'महोदय' लिहिले, आणि परवान्यासाठी दहावीच्या परीक्षेस बसण्याची इच्छा असल्याबाबतचा माझा अर्ज माझ्याच शब्दांत उतरवून घेतला. मग संमतीपत्र पुढे केले. मी सही केली. अर्जदार म्हणून केलेली ती माझी पहिली सही.

प्रकल्प वेळेत जमा झाला. त्यात मी 'प्रयुक्त क्रमांक वीस' आहे. नावाच्या जागी नाव नाही, पुढे फक्त 'प्रतीक्षा : सत्तेचाळीस सेकंद' अशी नोंद आहे.

निकाल लागल्यावर बाई गुणपत्रिकेच्या प्रती काढायला आल्या. साईंनी चहा मागवला. चहावाल्याने न विचारता "गेब तीन" आणून दिले. मी विचारले, "मग? कळलं का, आईला झालं होतं त्याला काय म्हणतात ते?"

त्यांनी कप खाली ठेवला. मी थांबलो. आता मला थांबता येते.

"चार-पाच नावं कळली," त्या म्हणाल्या. "त्यांतलं आईचं कुठलं, ते आता कोण सांगणार? तिला कुणी विचारलंच नव्हतं. पण बाहेरचं नव्हतं. एवढं कळलं."

जाताना त्यांनी गळ्यातले स्टॉपवॉच काढून माझ्या टेबलावर ठेवले. ओळखपत्र मात्र काढले नाही, त्याची मुदत संपलेली असूनही.

परवा मी स्वतःसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायला घेतला. बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा हा फॉर्म मी आजवर अनेकांना भरून दिला आहे. त्याला जोडायच्या प्रतिज्ञापत्राचा मजकूर मला डोळे मिटून येतो. नाव लिहिले, पत्ता लिहिला. शाळा सोडल्याचे कारण आले, आणि लेखणी आपोआप 'घरगुती अडच' एवढे लिहून गेली.

मी थांबलो. अडचण नव्हती. धाकटा भाऊ होता.

तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला, आवाज न करता.